हिवाळ्यातील सर्दी-खोकला : अंगची ताकद कशी टिकवाल?

दिवाळी आटोपली, कुलर झाकून ठेवले आणि रजया उन्हात पडल्या की आमच्या दवाखान्यातली बाके भरू लागतात. कोणाचे नाक वाहते, कोणाचा घसा बसलेला, कोणाला रात्रभर खोकला. विदर्भाचा उन्हाळा साऱ्या देशाला ठाऊक आहे. पण आपली थंडीही काही लेचीपेची नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते, ते अनेकांना आठवत असेल. दुपारी अंगातला स्वेटर नकोसा होतो आणि रात्री दोन पांघरुणे पुरत नाहीत, असे हे दिवस.

या दिवसांत रुग्णांकडून एक मागणी हमखास येते. "डॉक्टरसाहेब, पोट्ट्याची सर्दी जाऊनच नाही राहिली. ताकदीचं काहीतरी लिहून द्या." २०२० च्या कोरोना साथीनंतर या ताकदीला 'इम्युनिटी' असे भारदस्त नाव मिळाले आणि चहापासून बिस्किटापर्यंत प्रत्येक पुड्यावर ते छापले जाऊ लागले. म्हणून आजच्या लेखात ही रोगप्रतिकारशक्ती म्हणजे काय, ती घरच्या घरी कशी सांभाळावी आणि तिच्या नावाखाली काय टाळावे, याचा विचार करू.

शरीराचे पहारेकरी

आपले शरीर एखाद्या वाड्यासारखे आहे असे समजा. नाकातले केस आणि चिकट शेंबूड हे दारावरचे पहारेकरी. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला अतिसूक्ष्म केसांचे एक अस्तर असते. ते केस सतत हलतात आणि आत आलेली धूळ व जंतू शेंबडासकट वर ढकलून बाहेर काढतात. यातून जो शत्रू निसटतो त्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी गाठतात. त्यातल्या काही पेशी त्या शत्रूची ओळख लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी तो आला तर त्याला लवकर पकडतात.

मग सर्दी पुन्हा पुन्हा का होते? कारण सर्दीचा विषाणू एक नाही. सर्दीच्या सर्वांत मोठ्या कुळाचे, म्हणजे रायनोव्हायरसचेच, दीडशेहून अधिक प्रकार आहेत. एकाशी ओळख झाली तरी दुसरा अनोळखीच राहतो. म्हणूनच मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा आणि बालवाडीत जाणाऱ्या मुलाला सहा-आठदा सर्दी होणे हे दुबळेपणाचे लक्षण नाही. मूल खाते, खेळते, त्याचे वजन वाढते, तर त्याच्या पहारेकऱ्यांचे शिक्षण चालू आहे असे समजावे.

थंडीतच हा त्रास का वाढतो, याचीही कारणे साधी आहेत. आपल्याकडची हिवाळी हवा कोरडी असते. नाकाचे अस्तर सुकते व त्याचे काम मंदावते. थंड कोरड्या हवेत फ्लूसारखे विषाणू अधिक काळ तग धरतात. त्यातच आपण दारे-खिडक्या लावून एका खोलीत दाटीने झोपतो. एकाचा खोकला सगळ्यांच्या वाट्याला येतो. डिसेंबर-जानेवारीत लग्ने, जत्रा, शाळांची स्नेहसंमेलने आणि नागपुरात अधिवेशनाची गर्दी. विषाणूंनाही याहून चांगली संधी कोणती?

आपल्या मातीतला खाऊ

निसर्गाची एक गंमत पाहा. ज्या ऋतूत गरज असते त्याच ऋतूत तो आपल्या दारात माल आणून टाकतो. काटोल-नरखेडकडची आंबिया बहराची संत्री डिसेंबरपर्यंत बाजारात असतात आणि मृग बहराची गोड संत्री फेब्रुवारीपासून येऊ लागतात. सोबत पेरू, आवळा, बोरे. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत संत्र्याचे नाव मोठे असले तरी पेरू त्याच्या कितीतरी पुढे आहे आणि आवळाही त्याला सहज मागे टाकतो. तेव्हा संत्री महाग वाटली तर वाईट वाटून घेऊ नका. रोज एक पेरू पुरेसा आहे. रस काढून गाळण्यापेक्षा फळ चावून खावे.

परंतु क जीवनसत्त्वाबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. नोबेल पारितोषिकविजेते रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९७० साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि जगभर गोळ्यांची लाट आली. त्यानंतर हजारो लोकांवर चाचण्या झाल्या. त्यांचा निष्कर्ष असा की, रोज गोळ्या घेणाऱ्या सर्वसामान्य माणसाला सर्दी व्हायची तेवढीच होते. ती थोडी लवकर बरी होते, मोठ्यांमध्ये सुमारे आठ टक्के आणि मुलांमध्ये सुमारे चौदा टक्के. म्हणजे सात दिवसांची सर्दी साडेसहा दिवसांवर येते. सर्दी झाल्यावर गोळ्या सुरू केल्या तर एवढाही फायदा खात्रीने दिसत नाही. फळ खावे ते रोजचे अन्न म्हणून.

पहारेकऱ्यांना लागते ते प्रथिन. पांढऱ्या पेशी आणि त्यांची हत्यारे यांचा कच्चा माल तोच. घट्ट वरण, तुरीच्या ओल्या दाण्यांची म्हणजे सोल्यांची आमटी, वाटाणे, हरभरा, शेंगदाणे, दूध, दही आणि चालत असेल त्यांना अंडी, मासे. सोबत ज्वारीची भाकर, मेथी, पालक, हिरवा लसूण आणि जवसाची चटणी. हिवाळ्यात हिरवागार सांबार स्वस्त होतो. सांबारवडी ही तळलेली असल्याने रोज नको, पण वरणा-भाजीत मूठभर सांबार घालायला कोणाची हरकत आहे? तीळगूळही संक्रांतीपुरता ठेवू नका. मात्र मधुमेह्यांनी तीळ घ्यावे आणि गूळ सोडावा.

मधुमेह्यांसाठी आणखी एक सूचना. रक्तातील साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात. अशा माणसाने ताकदीसाठी सकाळ-संध्याकाळ चमचाभर च्यवनप्राश खाणे म्हणजे एका हाताने दिवा लावून दुसऱ्या हाताने फुंकर घालणे. त्यात साखर भरपूर असते. त्याच्यासाठी खरे टॉनिक म्हणजे साखर आटोक्यात ठेवणे.

तान्ह्या बाळाचा विचार वेगळा. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. बाळाला मिळणारी आयती प्रतिकारशक्ती त्यातून येते. आईला सर्दी झाली तरी अंगावर पाजणे थांबवू नये. तोंडाला रुमाल बांधावा, हात धुवावेत आणि पाजावे. तिच्या शरीरात तयार झालेली हत्यारेही दुधावाटे बाळाकडे जातात.

काढा, हळद, गुळवेल

आजीबाईच्या बटव्याची चेष्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. आले-तुळशीचा चहा, हळदीचे दूध, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या यांनी घशाला खरोखर आराम पडतो. गरम पातळ पदार्थांनी शेंबूड सैल होतो. एक वर्षावरील मुलाला खोकल्यासाठी झोपताना अर्धा ते एक चमचा मध द्यावा. तो खोकल्याच्या अनेक औषधांइतका उपयोगी पडतो असे अभ्यासांत दिसले आहे. मात्र एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. मधातील विशिष्ट जंतूंमुळे त्याला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

पण नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण बरोबर नाही. कोरोनाच्या काळात अनेकांनी गुळवेलीचा काढा महिनोन्‌महिने घेतला. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या यकृताला गुळवेल घेतल्यानंतर इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. परंतु २०२२ मध्ये देशातील तेरा केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांची नोंद पुढे आली. ज्यांना यकृताचा, थायरॉइडचा किंवा शरीराने स्वतःवरच उलटण्याचा एखादा विकार आहे, त्यांनी गुळवेल आपल्या मनाने घेऊ नये. काढाही चवीपुरता, कपभर. लवंग-मिरी-दालचिनी उकळून दिवसातून चार वेळा प्याल तर सर्दीच्या आधी पोट तक्रार करील.

वाफ घेताना भांडे जमिनीवर किंवा मांडीवर ठेवू नये. लहान मुलांना तर उकळत्या पाण्याजवळ बसवूच नये. कापराच्या वड्याही मुलांच्या हाती लागू देऊ नका. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येऊ शकतात. बाळाचे नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे साधे थेंब औषधाच्या दुकानात मिळतात, ते पुरेसे होतात.

झोप : बिनपैशाचे टॉनिक

झोपेइतके स्वस्त आणि तिच्याइतके दुर्लक्षित औषध दुसरे नाही. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५३ निरोगी स्वयंसेवकांची रोजची झोप आधी नोंदवून घेतली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब टाकले. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचे प्रमाण आठ तास किंवा जास्त झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाले.

आपल्याकडे मुले रात्री बारापर्यंत मोबाइल पाहतात आणि पहाटे पाचला शिकवणीसाठी कुडकुडत निघतात. मग आईवडील बुद्धीच्या आणि ताकदीच्या बाटल्या आणतात. शाळकरी मुलाला नऊ ते दहा तास, मोठ्या मुलाला आठ आणि आपल्याला किमान सात तास झोप हवी. हे एक जरी पाळले तरी दवाखान्याच्या दोन फेऱ्या वाचतील.

ऊन, वारा आणि धूर

सकाळचे कोवळे ऊन अंगावर घ्यावे. उन्हाने सर्दी टळते असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. परंतु ड जीवनसत्त्व मिळते, हाडे बळकट होतात आणि माणूस घराबाहेर पडतो. रोज अर्धा तास भरभर चालावे. अंबाझरी असो, सेमिनरी हिल्स असो की तुमच्या गावची शेताची वाट. दमा किंवा हृदयविकार असलेल्या वडीलधाऱ्यांनी मात्र अंधारात फिरायला निघू नये. थंडीत पहाटेची हवा जड होऊन धूर व धूळ खालीच साचून राहते. ऊन वर आल्यावर, कान झाकून निघावे.

धुराबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण पहारेकऱ्यांचा तो सर्वांत मोठा शत्रू. श्वासनलिकेतले ते सूक्ष्म केस धुराने लुळे पडतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला प्रत्येक सर्दी छातीत उतरते ती याचमुळे. चुलीच्या धुरात वाढणाऱ्या लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चौकातली शेकोटी ही आपल्या हिवाळ्याची मजा आहे, तिच्यावर बंदी घाला असे कोण म्हणेल? पण तिच्यात जुने टायर, प्लास्टिक आणि कचरा टाकू नका आणि दोन वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन धुराच्या बाजूला बसू नका.

कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणे तर जीवघेणे आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस दगावतो. त्यापेक्षा अंगावर एक गोधडी वाढवा आणि खिडकीची एक फट उघडी ठेवा. दुपारी तर दारे-खिडक्या सताड उघडा, अंथरुणे उन्हात टाका.

हात धुण्याचे महत्त्व कोरोनाने शिकवले होते. आता ते विसरायला लागलो आहोत. साबणाने नीट हात धुण्याच्या सवयीने सर्दी-खोकल्यासारखे आजार सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतात. खोकताना तोंडापुढे रुमाल किंवा हाताचे कोपर धरावे. आणि खर्ऱ्याची पिचकारी जिथे तिथे मारणाऱ्यांना काय सांगावे? खर्रा सोडा, हेच.

लस म्हणजे पहारेकऱ्यांची तालीम

नैसर्गिक उपायांच्या लेखात लसीचे काय काम, असे कोणी विचारील. लस शरीराला बाहेरून ताकद देत नाही. ती पांढऱ्या पेशींना शत्रूची ओळख करून देते आणि पुढचे काम आपले शरीरच करते. तेव्हा याहून नैसर्गिक उपाय कोणता?

२०१५ च्या सुरुवातीला स्वाइन फ्लूने नागपूर आणि विदर्भात किती घरे हादरवली, ते विसरण्यासारखे नाही. साठी ओलांडलेले, मधुमेही, दम्याचे व हृदयरोगाचे रुग्ण आणि गर्भवती यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. लहान मुलांसाठी न्यूमोकोकल लस, म्हणजे पीसीव्ही, २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा ती मोफत मिळते. बाळाचे कार्ड काढून एकदा पाहा, तिन्ही खुणा आहेत का.

बाटलीचा मोह

एवढे करूनही सर्दी होईलच. ती आली की घरात पहिली हालचाल होते ती बाटलीसाठी. मागल्या वेळची अर्धी उरलेली, शेजारणीने दिलेली, नाहीतर दुकानदाराने सुचवलेली.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात जे घडले ते प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावे. साध्या सर्दी-तापासाठी खोकल्याचे पातळ औषध दिलेल्या लहान मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपुरात आणले गेले. वीसहून अधिक मुले दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन आढळले. ज्या आजारातून ती मुले आठवड्याभरात आपोआप उठली असती, त्याच्या औषधाने त्यांचा बळी घेतला.

त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बजावले की, दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांसाठीही सर्वसाधारणपणे त्यांची शिफारस नाही. यात आम्हा डॉक्टरांचीही जबाबदारी मोठी आहे. पण तुम्हीही 'औषध लिहून दिले नाही म्हणजे डॉक्टर चांगला नाही' हा हिशेब सोडून द्या. तेच अँटिबायोटिकचे. विषाणूंवर ते चालत नाही. उगाच घेतले तर अंगातले इतर जंतू त्याला सरावतात आणि खरी गरज पडेल त्या दिवशी औषध निकामी ठरते.

श्वास मोजायला शिका

मग घरी थांबायचे कधी आणि धावायचे कधी? याचे उत्तर आपल्याच विदर्भाने जगाला दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना मुलाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला व साधे औषध द्यायला शिकवले. ज्यांना अंक मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचे साधन तयार केले. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्या कामाचा अहवाल आला. ज्या गावांत हे काम झाले तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी होते. दाईला जमले ते शिकलेल्या आईला का जमू नये?

मूल शांत किंवा झोपलेले असताना अंगरखा वर करा, घड्याळ समोर ठेवा आणि पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील तर न्यूमोनियाची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध-पाणी घेत नसेल, सुस्त पडले असेल, झटके आले असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील तर रात्र असो की पहाट, थेट रुग्णालयात न्यावे. छाती भरली म्हणून पोटावर डागण्या देण्याची अघोरी प्रथा कुठे कुठे अजून उरली आहे. त्याने बाळाचे हाल होतात आणि मोलाचा वेळ जातो.

मोठ्यांसाठी खुणा अशा : धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, तीन दिवसांहून जास्त टिकलेला मोठा ताप, वृद्ध माणसाने अचानक असंबद्ध बोलू लागणे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त चालला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयरोगाची ती तपासणी आणि उपचार दोन्ही मोफत आहेत.

बाकी सर्दीला विश्रांती, गरम वरण-भात, भरपूर पाणी आणि ताप-अंगदुखीसाठी वजनाच्या मानाने पॅरासिटामॉल एवढे पुरते. आठवडा-दहा दिवस धीर धरावा. आणि आज रात्री बाळ झोपले की एकदा सहज त्याचे श्वास मोजून पाहा. निरोगी श्वास कसा असतो हे डोळ्यांना ठाऊक असले की आजारी श्वास ओळखायला वेळ लागत नाही.